थार्सिस बोलत नाही

२८ मार्च २००७, बुधवार

आज थार्सिसला माझ्या वॉर्डात तपासायला आणलं. मी ओळखलंच नाही! अंगात कैद्यांचे गुलाबी कपडे, हातात बेड्या, डोकं पांढरंफटक. जेलच्या शिपायाने कागद पुढे केला. त्यावरचं नाव वाचलं — आणि मग मान वर करायची हिंमत होईना.

रुसेंगे टेकडीवर आमच्यापासून तिसरं घर त्याचं. कचेरीत कारकून होता. मला सायकल त्याने शिकवली. मागून सीट धरून धावायचा आणि ओरडायचा, "समोर बघ मुली, चाकाकडे बघशील तर पडशील!" मी तेव्हा दहा वर्षांची.

त्याच्या आरोपपत्रात सतरा नावं. अकरावं माझ्या आईचं. बारावं बातामुरिझाचं. माझी पोर. पाच वर्षांची होती. नावाचा अर्थ — हिला कोणी रडवू नये.

जेलचं पत्र चार ओळींचं. आरोपी जानेवारीपासून एक शब्द बोललेला नाही. सोंग असावं. तपासून दाखला द्यावा, १८ एप्रिलला रुसेंगेवर गाचाचा भरणार आहे.

म्हणजे सगळी टेकडी गवतावर बसणार, आपल्यातलेच पंच समोर, आणि तेरा वर्षांपूर्वीच्या कत्तलीत कोणी कोणाला मारलं ते तोंडावर बोललं जाणार. मी ‘धडधाकट’ लिहिलं तर त्याला उभा करतील, बोलता करतील. ‘आजारी’ लिहिलं तर खटला बाजूला. आणि त्या दोघींना कुठे टाकलं ते त्याच्या पोटातच राहील.

तेरा वर्षं शोधतेय. एक हाड नाही मिळालं.

हा रोगी मी घेता कामा नये. उद्या राजधानीला फोन.

२९ मार्च

फोन केला. तिथल्या मोठ्या मनोरुग्णालयाच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "द्रोसेला, अख्ख्या देशात मनाचे डॉक्टर आपण तिघं. एक शिकायला गेलाय तो अजून आलेला नाही. माझ्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन माणसं. कोणाकडे पाठवू?"

"माझी आई आहे त्या यादीत."

 

"कोणाची आई कुठल्या यादीत नाही, सांग," म्हणाले. "तूच बघ."

मी फोन ठेवला आणि टेबलाची कडा इतका वेळ धरून बसले की बोटांवर वळ उठले.

३० मार्च

तासभर त्याच्यासमोर बसले. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडेही नाही. कुठेच नाही.

१ एप्रिल, रविवार

झावळ्यांच्या रविवारची प्रार्थना आटोपून परतताना कन्सिल्दामावशी आली. हातात झावळी, डोक्यावर ॲव्होकॅडोची पाटी. माझ्या आईची मैत्रीण. त्या एप्रिलमध्ये चार मुलगे गेले तिचे. ती स्वतः मारेकरी टेकडीवर चढायच्या आधीच पळून दलदलीत उतरली, महिनाभर लव्हाळ्यात नाकापर्यंत पाण्यात राहिली, म्हणून उरली. आता टेकडीवरच्या विधवांची ती म्होरकी. पंचसुद्धा तिला टरकतात.

बसली, पाणी प्यायली, आणि सरळ विषयालाच हात घातला.

"तो म्हातारा तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे."

"मुका झालाय म्हणे."

"तपासतेय, मावशी."

"त्यात तपासायचं काय? आमच्या बकऱ्यालासुद्धा कळतं, सुरी दिसली की गप्प बसायचं! तू लिही — धडधाकट आहे. बाकीचं आम्ही बघतो. सगळ्या टेकडीसमोर उभा राहिला ना, की आपोआप जीभ सुटेल."

"आणि खरंच आजारी असला तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं! जणू मी तिच्या थाळीत थुंकले.

"पोरी, तुझी आई मातीत कुठेतरी उघडी पडलीय. कुत्र्यांनी ठेवलं असेल तर. आणि तू त्या माणसाची नाडी बघत बसलीस?"

जाताना ॲव्होकॅडो ठेवून गेली. सहा. चांगले पिकलेले.

३ एप्रिल

त्याची बायको आली — वेनेरांद. तीन तास चालत येते, दर मंगळवारी. बारा वर्षं जेलच्या दारात जायची, आता इथे. टोपलीत उकडलेली रताळी, घेवडा, केळीच्या पानात बांधलेलं मीठ. मला बघून पदराने तोंड अर्धं झाकून घेतलं. लहानपणी हिच्या अंगणात मी कितीदा जेवलेय!

मी बाजूच्या खोलीत रोग्यांचे कागद चाळत होते. दार उघडं होतं. ती त्याला भरवत होती आणि बोलत होती, जसं रोज घरी बोलत असेल तसं.

"बकरी व्याली. दोन झाली. त्यातलं एक तुझ्यावर गेलंय, चकार शब्द काढत नाही... तोंड उघड की. अरे उघड! लग्नात तर माझ्या बापाशी देजाच्या गाईंच्या घासाघिशीत घसा बसेस्तोवर बोललास. सगळी बडबड तेव्हाच संपवलीस वाटतं."

तो गिळत होता. तोंडाच्या कडेने घेवड्याचा रस ओघळत होता, ती बोटाने पुसत होती.

आदेल — आमची थोरली नर्स — माझ्या मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "सोंग करणारा चव घेतो, डॉक्टर. हा चव घेत नाही."

आदेलला मी काय सांगणार! चौऱ्याण्णवला याच इस्पितळात धोबीखान्याच्या माळ्यावर तिने मला सत्तर दिवस लपवलं. मारणारे तिच्याच जातीचे; त्यांना कळलं असतं तर तिलाही तोडलं असतं. तिचा शब्द मी खाली पडू देत नाही. पण आज तिचा राग आला.

५ एप्रिल, गुरुवार

हे लिहायलाच हवं. नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं झालंच नाही.

सकाळी अकराची वेळ. थार्सिस खाटेवर, मी स्टुलावर. पलीकडच्या शाळेच्या मैदानात मुलांचा फुटबॉल चालला होता. पंचाने शिट्टी मारली. लांब, तीन वेळा.

त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच — गाल थंड फरशीवर. नाकात फिनाइलचा वास. मी खाटेखाली होते. कशी गेले ठाऊक नाही. आणि माझ्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, थार्सिसचं तोंड. तोही खाटेखाली! गुडघे पोटाशी घेतलेले, खालून पँट ओली झालेली, छाती भात्यासारखी वरखाली होतेय आणि श्वास मात्र आत जात नाही.

त्या एप्रिलमध्ये ते शिट्ट्या मारत शोधायचे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर, शिकारीत कुत्र्यांना मारतात तशा. मी माळ्यावरून ऐकायचे. त्याने त्या मारल्या असतील. स्वतःच्या तोंडाने!

आणि आम्ही दोघं एका खाटेखाली.

पहिल्यांदा त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. किती वेळ, सांगता येत नाही. आदेल आली, तिने आधी मला बाहेर ओढलं, मग त्याला.

"कॉफी आणू?" म्हणाली. दुसरं काही नाही.

असं सोंग घेता येत नाही. मी चारशे सहा माणसांच्या मुलाखती घेतल्यात. हा श्वास मला पाठ आहे. आमच्या भाषेत त्याला इहाहामुका म्हणतात — फुप्फुसं तोंडाशी येतात आणि श्वास मागे राहतो. माझ्या प्रबंधात मी छातीठोकपणे लिहून ठेवलंय की हे मारणाऱ्यांना होत नाही, वाचलेल्यांनाच होतं. परदेशात वाचून दाखवलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आज त्या पानावर रेघ मारली. रेघ वाकडी गेली.

७ एप्रिल, शनिवार

स्मृतिदिन. स्टेडियममध्ये सकाळी आठपासून. शोकाची जांभळी फडकी, पाऊस, भाषणं. कत्तलीतून वाचलेली एक बाई माईकवर आपलं सांगू लागली आणि चौथ्या वाक्याला पायऱ्यांवरून पहिली किंकाळी आली. मग दुसरी. मग गवत पेटत जावं तशी ओळीमागून ओळ.

आम्ही त्रेसष्ट जणींना उचलून तंबूत आणलं. एक माझा गळा धरून "आले, आले, दार लाव!" म्हणत होती. मी म्हटलं, "लावलं. बघ, लावलं." तंबूला दार कुठलं!

दुपारी सत्तावीस पेट्या पुरल्या. या वर्षी सापडलेल्यांच्या. प्रत्येक पेटीमागे तिची माणसं. मी दरवर्षी कोणाच्या तरी पेटीमागे चालते. लोक समजतात, डॉक्टर किती मायाळू! मला फक्त पेटीमागे चालायचं असतं.

८ एप्रिल, ईस्टर

सगळे प्रार्थनेला गेलेत. वॉर्डात शांतता.

जे कधी कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. साहेबांना नाही, आदेलला नाही, परदेशात ज्या बाईंकडे मी स्वतः दीड वर्ष उपचारांना बसले त्यांनाही नाही.

मी फोन केला होता.

चौऱ्याण्णव, शुक्रवार, २२ एप्रिल, सकाळी दहा. इस्पितळात तोवर मारेकरी शिरले नव्हते, पण फाटकावर उभे होते. आईचा निरोप सोमवारीच आला होता — आम्ही दोघी घरात झोपत नाही, मागे ज्वारीच्या कोठारात झोपतो, काळजी करू नकोस. टेकडीवर टेलिफोन एकच, कचेरीत. तो उचलायचा थार्सिस.

मला किती बरं वाटलं त्याचा आवाज ऐकून! मी विचारलं, "आई कशी आहे? पोर?"

म्हणाला, "बऱ्या आहेत. झोपल्यात दोघी."

मी म्हटलं, "थार्सिसकाका, त्या मागे ज्वारीच्या कोठारात आहेत. तुमच्या घरी घेऊन जा. तुमच्या घराला कोणी हात लावणार नाही."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "बघतो मी. तू स्वतःला जप, मुली."

मी पत्ता दिला. माझ्या तोंडाने दिला. कोठार म्हटलं, कुठलं ते सांगितलं, आत कोण आहे ते सांगितलं.

रोग्यांना मी रोज सांगते — तुमचा दोष नव्हता, तुम्ही करण्यासारखं काही नव्हतं. ते ऐकतात. काहींना झोप लागते. मला हे वाक्य तोंडात घेतलं की मातीची चव येते.

एवढं लिहून झालं तरी छत कोसळलं नाही. कमाल आहे!

१० एप्रिल, मंगळवार

लाज. लाज. लाज.

शस्त्रक्रियेच्या खोलीतून एक इंजेक्शन मागून घेतलं. भुलीचंच, पण थोडं दिलं तर माणूस अर्धवट गुंगीत बोलायला लागतो. पुस्तकात आहे. जुने लोक वापरायचे. खोटं कारण लिहून सही केली. सुई भरली. ट्रे घेऊन त्याच्या खोलीत गेले.

तो दंड उघडा टाकून बसला होता, रोजच्या सुईची वाट बघत. म्हाताऱ्या माणसाचा दंड. कातडी लोंबलेली. आपण होऊन पुढे केलेला.

मी ट्रे खाली ठेवला. आणि मग — त्याची कॉलर धरली! दोन्ही हातांनी! "कुठे आहेत? कुठे टाकल्यात? बोल! मी तुला सांगितलं होतं, घरी घेऊन जा म्हणून! बोल ना!" डोकं भिंतीवर आपटलं त्याचं. तो बाहुल्यासारखा हलत होता. शिपाई बाहेर हसला, मला ऐकू आलं.

आदेलने मागून कमरेला मिठी घालून मला ओढून काढलं. ट्रेमधली सुई पाहिली. नाव वाचलं. सुई मोरीत रिकामी केली.

थोड्याच वेळात वेनेरांद टोपली घेऊन आली. आज मंगळवार! त्याच्या डोक्यामागचं टेंगूळ तिच्या हाताला लागलंच असेल. भरवून झालं की टोपली उचलून गेली.

११ एप्रिल

त्याला पट्टी मी स्वतः बांधली. जेलच्या वहीत लिहिलं — ‘इजा डॉक्टरकडून.’ सही केली. आदेल म्हणाली, "एवढं खरं कशाला?" मी म्हटलं, "कुठेतरी सुरुवात नको का?"

१४ एप्रिल, शनिवार

दाखला लिहायला बसले. पाच कागद फाडले.

पहिल्यात लिहिलं, धडधाकट. माझं अक्षर किती सुबक आलं होतं त्यात! ते वाचत बसले. एवढं एक वाक्य, आणि त्याला गवतावर उभा करतील. कन्सिल्दामावशी समोर, टेकडी समोर. पण बोलेल का? खाटेखालचं ते तोंड आठवलं. नाही बोलणार. तिथे पँट ओली करेल आणि लोक हसतील. एवढंच हाती लागेल मला.

आणि बोलणार असता तर? तर मी खोटं लिहिलं असतं का?

हो. लिहिलं असतं. स्वतःशी खोटं बोलून काय मिळणार!

सहावा कागद: ‘आरोपी गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त आहे. त्याचं मौन सोंग नाही. साक्ष देण्याच्या स्थितीत नाही. तपासणारी डॉक्टर ही मृतांपैकी दोघींची मुलगी व आई आहे, याची पंचांनी नोंद घ्यावी.’

लिफाफा बंद केला. 

१८ एप्रिल, बुधवार

रुसेंगे. लिफाफा पाठवून दिला असता तरी चाललं असतं. पण गेले. स्वतः वाचला.

गवत ओलं होतं, लोक केळीची पानं घालून बसले होते. दोनेकशे असतील. माझ्या वर्गातल्या मुली आता आज्या झाल्यात. गुलाबी कपड्यातला थार्सिस बाकावर, मान छातीवर. मागच्या रांगेत वेनेरांद आणि तिचे दोन मोठे मुलगे.

वाचून झालं. 

मग कन्सिल्दामावशी उठली. काठी टेकत समोर आली. पंचांना म्हणाली, "ही आमची पोर होती. आम्ही वर्गणी काढून शाळेत घातली. तिच्या आईने गाय विकली. आज कळलं कशासाठी — मारेकऱ्यांना मऊ गादी मिळावी म्हणून!"

प्रमुख पंच म्हणाले, "बसा, आजी."

"मी बसते. पण एक विचारते हिला. द्रोसेला, तो वेडा झाला ते कशामुळे झाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खरं तेच सांगितलं, "जे केलं त्यामुळे, मावशी."

"मग आम्ही का नाही झालो?"

मी दाखल्याची घडी घातली. चारशे सहा मुलाखती! उत्तर आलं नाही.

खटला बाजूला ठेवला. थार्सिसला परत गाडीत बसवलं. मी वाटेने उतरत होते तर लोक बाजूला सरत होते, मान देताना सरतात तसे नव्हे. मावशीने माझ्याकडे पाठ फिरवली. तिच्या पाठीवर जांभळं फडकं होतं, एप्रिल संपेपर्यंत ती ते काढत नाही.

आईच्या घराच्या जागेवरून गेले. तिथे आता कोणीतरी रताळी लावलीत.

१९ एप्रिल

कामावर गेले नाही. आदेल दूध घेऊन आली. पुरुषाचे अश्रू पोटात वाहतात म्हणतात, मी म्हटलं, बाईचे कुठे जातात? म्हणाली, "दूध पी."

२१ एप्रिल

धोबीखान्याच्या माळ्यावर गेले होते. शिडी तीच आहे. वरून खाली बघितलं — किती उंच! तिथे किती वेळ उभी होते ते लिहीत नाही. आदेल खाली चादरी घड्या करत होती. वर न बघता म्हणाली, "एकदा चढवायला माझी कंबर मोडली होती. आता उतर, मला तुला उचलणं जमायचं नाही."

उतरले.

२४ एप्रिल, मंगळवार

वेनेरांद आली. आज टोपली नव्हती. थार्सिसच्या खोलीत गेलीच नाही, सरळ माझ्या दारात उभी राहिली.

"डॉक्टरबाई, बसू का?"

बसली. हात मांडीवर. नखांत माती.

"त्या दिवशी तुम्ही त्याला आजारी म्हणालात. सगळ्यांसमोर. बारा वर्षं सगळे त्याला सैतान म्हणतात. मुलं म्हणतात, आमचा बाप निर्दोष आहे. दोन्ही खोटं. मी ऐकून घेते. तुम्ही पहिल्या, ज्यांनी खरं ते सांगितलं. आणि तुमचं तर सगळं गेलेलं."

मी पेन खाली ठेवलं.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "कुठे ठेवलं ते. आमच्या घरामागे, केळीच्या शेवटच्या रांगेत. त्या जागेवरच्या केळीचा घड मी तेरा वर्षांत काढला नाही. पिकतो, पडतो, कुजतो. मुलं विचारतात, आई, एवढा चांगला घड? मी म्हणते, राहू दे पाखरांना."

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्याला जन्मठेप. मी बघून गप्प राहिले म्हणून मला शिक्षा. आणि मुलगे — आता घरात घेणार नाहीत. काल सांगितलं त्यांना. थोरल्याने माझी चटई अंगणात फेकली." पदर सारखा केला. "जाऊ दे. पाऊस तर थांबलाय."

मी उठून तिच्यापाशी गेले. तिला मारेन की मिठी मारेन, मलाच ठाऊक नव्हतं. खाली बसले फक्त. तिच्या पायांशी. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. बरं केलं.

२५ एप्रिल, बुधवार

खणलं.

पंच होते, पोलीस होता, निम्मी टेकडी होती. वेनेरांदने जागा दाखवली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. सगळे कुदळी धरून एकमेकांकडे बघत होते. मग गर्दीतून कन्सिल्दामावशी आली. माझ्याशी बोलली नाही. कुदळ घेतली, पहिला घाव तिने घातला. ओली माती, पटकन सुटत होती.

कमरेएवढ्या खोलीवर.

दोघी एकत्र होत्या. लहान मोठीच्या कुशीत. आईचा हात पोरीच्या पाठीवरून गेलेला, तसाच. निळ्या गोधडीचा तुकडा. आईच्या पुढच्या दातातली फट.

मावशी खड्ड्यात उतरली. गुडघ्यांवर बसली. म्हणाली, "आलो गं, बाई. उशीर झाला." मग माझ्याकडे हात केला, "ये. तूच उचल. पोरीला आधी."

एवढंसं वजन!

थार्सिसला अजून कोणी सांगितलेलं नाही. सांगायचं मलाच आहे.

२८ एप्रिल, शनिवार

दफन झालं. पेटीमागे चालले. दोघींना एकच पेटी.

परतताना प्रमुख पंचांनी मला थांबवलं. वेनेरांदचा जबाब वाचून दाखवला, सही हवी होती. त्यात दोघींना मारल्याचा दिवस नोंदला होता. मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरबाई, यात चूक नाही. त्या दिवशी खाली बाजार भरला होता, आणखी तिघांनी तेच सांगितलंय."

बुधवार. २० एप्रिल. दुपारच्या आत.

मी फोन केला तो शुक्रवारी.